एकसष्टाचें गणित आणि चार यंत्रें

बीजगणित हा विषय कोठून तरी परमुलखांतून येऊन आपल्या डोक्यावर आदळला आहे, अशी आमच्या वर्गांतील बहुतेक मुलांची समजूत असते. ती दूर करण्यासाठीं फार लांब जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळ डोंगराच्या कुशींत, पाटण म्हणून एक जुनें ठिकाण आहे. तेथें सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे, मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो वाचून १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील राजांनीं त्यास देणग्या दिल्या, असें त्या लेखांत कोरलेलें आहे. (आमच्या मुक्ताईनगरच्या मुलांस चांगदेव म्हटलें कीं तापी-पूर्णेच्या संगमावरचें देऊळच आठवतें. तो चांगदेव निराळा, हा निराळा. ही गफलत दरवर्षीं उत्तरपत्रिकांत दिसते, म्हणून येथें सांगून ठेवितों.)

भास्कराचार्यांनीं आपला सिद्धान्तशिरोमणि सन ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं पुरा केला. त्यांतील लीलावती हा अंकगणिताचा भाग, आणि बीजगणित हा त्याच्या पुढचा. पहिल्यास व्यक्त गणित म्हणत, दुसऱ्यास अव्यक्त. ज्या राशीची किंमत ठाऊक आहे ती व्यक्त; जिची ठाऊक नाहीं, आणि जिला आपण क्ष किंवा य असें नांव देऊन पुढें चालतों, ती अव्यक्त. हा भेद मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, आजच्या संगणकाच्या जगांतही तो तसाच उभा आहे. बाजारांतला साधा कॅल्क्युलेटर किंवा जमाखर्चाची स्प्रेडशीट ही व्यक्ताची चाकर. क्ष किती तें आधीं सांगा, मग पुढचें बोला, असा तिचा खाक्या असतो. याउलट अक्षरांशीं अक्षरें म्हणूनच वागणारें, त्यांचे अवयव पाडणारें, समीकरणें सोडविणारें असेंही सॉफ्टवेअर असतें. त्यास संगणकीय बीजगणिताचें सॉफ्टवेअर म्हणतात. त्यांपैकीं कांहीं मुक्त आहे, म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो, सुधारतां येतो, व दुसऱ्यास देतां येतो. असें सॉफ्टवेअर सर्व तऱ्हेच्या यंत्रांवर चालतें काय, आणि चाललें तर सर्वत्र एकच उत्तर देतें काय, हा प्रश्न एका कुटुंबाच्या पैशाचा प्रश्न होऊन माझ्यापुढें आला. त्याचीच ही हकीकत.

शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठीं इयत्ता नववींतील एका मुलीनें भास्कराचार्यांवर तक्ता करावयास घेतला. बीजगणितांतील एक प्रसिद्ध प्रश्न तिनें निवडला. तो असा: अशी पूर्ण संख्या शोधा कीं, तिच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां येणारी संख्या पुन्हां पूर्ण वर्गच असावी. प्रश्न दिसावयास अगदीं गरीब. परंतु त्याचें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हें आहे, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे. भास्कराचार्यांनीं चक्रवाल नांवाच्या रीतीनें तें काढिलें. पुढें पांचशें वर्षांनीं, १६५७ सालीं, फ्रान्सांतील गणिती फर्मा यानें हेंच ६१ चें कोडें आपल्या समकालीनांस घातलें. हिंदुस्थानांत तें केव्हांच सुटलें आहे याची त्याला वार्ता नव्हती.

मुलगी चिकित्सक. ग्रंथांत आहे म्हणून तक्त्यावर उतरवावें, हें तिला पटेना. घरीं तिच्या थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप होता. त्यावरील स्प्रेडशीटमध्यें तिनें दोन्ही संख्या घातल्या, एका घरांत मोठ्या संख्येचा वर्ग केला, दुसऱ्या घरांत लहान संख्येचा वर्ग ६१ नें गुणिला, आणि तिसऱ्या घरांत वजाबाकी मांडली. उत्तर एक यावयास पाहिजे होतें; आलें शून्य. दुसऱ्या दिवशीं वही घेऊन ती माझ्यापुढें उभी राहिली.

"सर, भास्कराचार्य एकानें चुकले आहेत."

मी हंसलों नाहीं. आठशेंहून अधिक वर्षें मान पावलेल्या उत्तरावर नववींतील मुलीनें बोट ठेवावें, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. मीं तिला स्प्रेडशीटमधील वर्गाची संख्या नीट वाचावयास सांगितली. तिनें वाचली: ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६०,०००. मीं एवढेंच विचारिलें कीं, जिच्या शेवटीं ९ आहे अशा संख्येचा वर्ग चार शून्यांनीं कसा संपेल? नऊ नव्वे एक्याऐंशी, म्हणजे शेवटचा अंक १ असलाच पाहिजे. ती वहीकडे पाहत राहिली.

येथें पालकांस समजेल असा दाखला देतों. केळीनें भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा असतो तेव्हां काट्याचा आंकडा दहा-दहा किलोंनीं हालतो. त्या ट्रकांत आपण एक केळें वर टाकलें तर आंकडा बदलणार नाहीं. म्हणून काटा खोटा ठरत नाहीं, आणि केळें टाकलें नव्हतें असेंही ठरत नाहीं. त्या काट्याचें तें कामच नव्हे. स्प्रेडशीट प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीच्या ५३ अंकांत बसविते. त्यामुळें ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या तिला बिनचूक लिहितां येते. त्यापलीकडे तिच्या पट्टीवरील खुणा विरळ होत जातात. आपला वर्ग एकोणीस अंकी आहे. तेवढ्या मोठ्या संख्यांच्या वस्तींत तिच्या लागोपाठच्या दोन खुणांमध्यें ५१२ चें अंतर पडतें. मग बिचाऱ्या एकाची काय कथा! शिवाय दाखवितांना ती पंधराच अंक दाखविते व उरलेल्या जागीं शून्यें मांडिते. खरा वर्ग ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ हा आहे.

इतकें झालें तें शाळेंत. पण मुलीनें घरीं जाऊन सांगितलें तें असें कीं, आपलें मशीन हिशेबांत खोटें बोलतें. भावानें लॅपटॉप उचलून एका दुकानांत नेला. मशीन जुनें झालें, नवें घ्या, आणि गणितासाठीं दरसाल फी भरावयाचें एक सॉफ्टवेअरही घ्या, असा सल्ला तेथें मिळाला. आठवड्यानें मुलीचे वडील शाळेंत आले. केळी उत्पादक शेतकरी, स्वतः फारसे शिकलेले नाहींत, पण मुलांच्या शिक्षणांत मागें हटणारे नव्हेत.

"सर, केळीचे पैसे अजून हातीं आले नाहींत. पण पोरीचें नुकसान नको. कर्ज काढूं का?"

"भाऊ," मीं म्हटलें, "कर्जाचें मागाहून पाहूं. आधीं शनिवारीं तो जुना लॅपटॉप येथें घेऊन या. पोरगीही येऊं द्या, थोरलाही येऊं द्या."

शनिवारीं आम्हीं चार यंत्रें मांडलीं. पहिलें त्यांचा लॅपटॉप, विंडोज ७ असलेला. दुसरें शाळेच्या संगणकखोलींतील, ज्यावर लिनक्स घातलेलें आहे. तिसरा माझा लॅपटॉप, तिघांत नवा. आणि चौथा थोरल्या मुलाचा अँड्रॉइड फोन. प्रथम पहिल्या तीन यंत्रांवरील स्प्रेडशीटमध्यें तेंच गणित घातलें. तिन्हीकडे शून्य! वडिलांनीं माझ्या नव्या यंत्राच्या पडद्याकडे निरखून पाहिलें आणि म्हणाले, "म्हणजे नवेंही तेंच सांगतें." मीं मान हालविली. यंत्राच्या वयाशीं या शून्याचा कांहीं संबंध नव्हता.

मग चारही ठिकाणीं मॅक्सिमा नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर घातलें. जुन्या विंडोजवर तें बसवावयास थोडा वेळ लागला. फोनासाठीं त्याची निराळी आवृत्ती असते. चौघांसही एकच आज्ञा दिली. चौघांनींही एकोणीसच्या एकोणीस अंक मांडून वजाबाकी १ अशी सांगितली. जुनें यंत्र किंचित् थांबून बोललें, एवढाच काय तो फरक.

हें कसें घडतें, तें जाणून घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६८ सालीं मॅक्सिमा नांवाच्या नव्हे, तर मॅक्सिमा जिच्यापासून निघाली त्या मॅकसिमा नांवाच्या ग्रंथाचें काम सुरू झालें. ग्रंथ हा शब्द मी जाणूनबुजून वापरितों, कारण तो लिस्प या भाषेंत लिहिलेला मजकूरच आहे. लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं योजिली. संख्यांपेक्षां चिन्हांची मांडणी व मोडणी करण्यांत ती निष्णात. पुढें त्या ग्रंथाची एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जाखात्याकडे गेली, आणि १९८२ पासून टेक्सास विद्यापीठांतील गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनीं ती एकट्याच्या निष्ठेनें सांभाळिली. १९९८ सालीं त्यांनीं ती सर्वांस खुली करण्याची परवानगी मिळविली. २००१ सालीं ते वारले. परंतु प्रत तोपर्यंत लोकांच्या हातीं आलेली होती, आणि जगभरचे स्वयंसेवक तिचें काम पुढें चालवीत राहिले.

आतां गंमत अशी कीं, लिस्प समजणारे दुभाषी एक नाहींत, अनेक आहेत. १९९४ सालीं त्या भाषेचें एक प्रमाण ठरलें. तें पाळणारे दुभाषी निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या यंत्रांसाठीं तयार केले. फोनांतील मॅक्सिमा ज्या लिस्पवर उभी आहे, तें विंडोजवरच्याहून वेगळें. एक चपळ, एक मंद. एकास थोडी जागा पुरते, दुसऱ्यास पुष्कळ लागते. परंतु पूर्णांक हवा तेवढा लांब वाढूं द्यावयाचा, त्याचें शेपूट कापावयाचें नाहीं, हा त्या प्रमाणांतलाच नियम असल्यामुळें उत्तर सर्वत्र एक येतें. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचें तरी दुसरें काय झालें? शहाजहानच्या काळांत तें फारसींत गेलें, १८१७ सालीं कोलब्रुक यांनीं तें संस्कृतांतून इंग्रजींत नेलें; लिपि बदलली, कागद बदलला, एकसष्टाचें उत्तर बदललें नाहीं.

एवढ्यानें वडिलांचें समाधान झालें, पण मुलीचें नाहीं. चार यंत्रांनीं एक सांगितलें म्हणजे खरें कशावरून? चौघेही एकाच ग्रंथाचे शिष्य! तिचें म्हणणें रास्त होतें. मीं तिच्या हातीं खडू दिला आणि फळ्यावर दोन लहान संख्या लिहिल्या: २९,७१८ आणि ३,८०५. पहिलीचा वर्ग ८८,३१,५९,५२४. दुसरीचा वर्ग ६१ नें गुणिला म्हणजे ८८,३१,५९,५२५. हे गुणाकार तिनें हातानें केले. एकाचा फरक, मात्र उलट बाजूचा. आतां पहिलीस अ म्हणा, दुसरीस ब म्हणा. अ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवा. अ आणि ब यांच्या गुणाकाराची दुप्पट करा. नेमक्या भास्कराचार्यांच्या दोन संख्या मिळतात. मग अक्षरांनींच वर्ग करून पाहावें. पहिल्या संख्येचा वर्ग म्हणजे अ च्या चतुर्थ घाताची चौपट, अधिक अ च्या वर्गाची चौपट, अधिक एक. दुसरीचा वर्ग एकसष्टपट केला, आणि ब च्या वर्गाची एकसष्टपट म्हणजे अ च्या वर्गाहून एकानें जास्त हें ध्यानांत ठेविलें, तर अ च्या चतुर्थ घाताची चौपट अधिक अ च्या वर्गाची चौपट, एवढेंच येतें. उरतो तो एक. एकोणीस अंकी गुणाकार करण्याची गरजच राहत नाहीं. हेंच अक्षरांचें गणित आम्हीं मॅक्सिमाला घातलें. तिनेंही सर्व अक्षरें छाटून १ एवढेंच उत्तर दिलें. अव्यक्त गणिताची ताकद इतकी उघडी मीं वर्गांत क्वचितच दाखवूं शकलों आहें.

थोरला मुलगा अकरावींत. त्याला पायथन ही भाषा थोडी येत होती. पायथनमध्येंही पूर्णांक लांबीनें मोजलेला नसतो, त्यामुळें तेथें साध्या आज्ञेनेंच एक आलें. त्याच भाषेंत लिहिलेलें सिम्पाय नांवाचें मुक्त बीजगणित आहे. त्याला नुसता ६१ चा प्रश्न घातला तर भास्कराचार्यांच्या दोन्ही संख्या तें स्वतः शोधून देतें. (ज्यांच्या यंत्रावर विंडोज ७ आहे त्यांनीं पायथनची ३.८ ही आवृत्ती घ्यावी, ३.९ पासूनच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहींत. या एका ओळीनें कोणाची तरी एक संध्याकाळ वांचेल.) ब्राउझरांतील जावास्क्रिप्टची साधी संख्या मात्र स्प्रेडशीटच्याच कुळांतली, लांब पूर्णांकांसाठीं तिच्या प्रमाणांत निराळा प्रकार २०२० सालीं आला.

जावा या भाषेची गोष्ट अधिक मजेची. तिचा लांब जातीचा पूर्णांक ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ पर्यंत जातो. म्हणून ६१ चें गणित तेथें सुखरूप पार पडतें. मग आम्हीं फर्माचें दुसरें कोडें घेतलें, १०९ चें. त्याचें सर्वांत लहान उत्तर १,५१,४०,४२,४४,५५,१०० हें आहे, आणि वर्ग १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ या संख्येचा. तो वर्ग एकोणतीस अंकी. जावाच्या त्या घरांत मावणें शक्यच नाहीं. जावा तक्रार करीत नाहीं; न मावणारा भाग मुकाट्यानें टाकून देते व भलतीच संख्या दाखविते. तरीही वजाबाकी बरोबर १ येते! कारण दोन्ही घरांतून टाकलेला भाग दोनाच्या चौसष्टाव्या घाताच्या पटींतलाच असतो. आणि खरा फरक एकच असल्यामुळें तो शाबूत राहतो. दोन भावांच्या घरीं एकाच चोरानें एकाच मापानें चोरी करावी, आणि दोघांच्या शिलकेंतला फरक कायम राहिला म्हणून हिशेब जुळला म्हणावें, त्यांतला हा प्रकार. नुसत्या शेवटच्या उत्तरावर खूण करून पुढें जाणाऱ्या परीक्षकाच्या ध्यानांत तो येणार नाहीं.

तथापि सर्व मुक्त सॉफ्टवेअर सर्वत्र एकच बोलतें, असें मीं सांगितलें तर तें खरें होणार नाहीं. आंकड्यांत एकमत झालें. अक्षरांत मतभेद निघाला. क्ष च्या वर्गाचें वर्गमूळ काय? आमचीं मुलें बेधडक क्ष म्हणतात. मॅक्सिमा क्ष चें केवलमूल्य असें सांगते, कारण क्ष ही संख्या उणेंही असूं शकेल. सिम्पाय तर कांहींच न सोडवितां प्रश्नच परत करितें. क्ष ही वास्तव संख्या आहे असें आपण आधीं सांगितलें तरच तें केवलमूल्य देतें. दोघांतही चूक नाहीं; न बोललेलें गृहीत वेगळें आहे. तसेंच एक भागिले क्ष याचें संकलन. बारावीच्या पुस्तकांत लॉग व त्यांत क्ष चें केवलमूल्य असें शिकवितात. हीं दोन्ही सॉफ्टवेअरें नुसतें लॉग क्ष लिहितात. पडद्यावरून उतरवून उत्तरपत्रिकेंत तसेंच लिहिलें तर गुण जातील, आणि यंत्राचें नांव सांगून ते परत मिळणार नाहींत. मूळ मजकूर उघडा असल्याचा खरा फायदा मला येथें दिसतो: सॉफ्टवेअरानें काय गृहीत धरलें आहे, तें पाहण्याची सोय आहे.

सेजमॅथ नांवाचा एक मोठा संग्रह विल्यम स्टाइन यांनीं २००५ सालीं सुरू केला. मॅक्सिमाही त्याच्या पोटांत आहे. तो उत्तम असला तरी जागा फार खातो, आणि विंडोजवर चालवावयाचा तर आधीं तिच्या आंत लिनक्स बसवावें लागतें. आमच्या खोलींतील यंत्रांस तो झेपला नाहीं. कॉलेजांत गेलेल्या विद्यार्थ्यांनीं त्याच्याकडे अवश्य वळावें.

वडिलांनीं कर्ज काढलें नाहीं. जुन्या लॅपटॉपची स्मरणशक्ति तेवढी थोड्या खर्चांत वाढवून घेतली. प्रदर्शनांत तक्ता लागला, तो मुलीच्या स्वतःच्या गुणाकारांसह. त्याखालीं तिनें स्प्रेडशीटमधलें शून्यही चिकटविलें होतें. पाहुण्यांपैकीं बरेच जण तेथेंच अधिक वेळ रेंगाळले.

शाळेच्या संगणकखोलींत मॅक्सिमा, पायथन व सिम्पाय बसविलेलीं आहेत. पवईच्या आय.आय.टी.नें स्पोकन ट्युटोरियल या नांवानें मुक्त सॉफ्टवेअरचे धडे तयार केले आहेत, त्यांतील पुष्कळ मराठी आवाजांतही आहेत. तेही उतरवून ठेविले आहेत. ज्या पालकांच्या घरीं जुना लॅपटॉप किंवा संगणक पडून असेल, त्यांनीं नवा घेण्यापूर्वीं तो शनिवारीं शाळा सुटल्यावर घेऊन यावा. घरीं इंटरनेट नसल्यास पेनड्राइव्ह आणावा. प्रत करून देण्यास परवान्याची आडकाठी नाहीं, आणि फी पडत नाहीं.